चार मिनिटांचा मैल

एक मैल (१,६०९.३४४ मी.) अंतर चार मिनिटांच्या आत धावून पूर्ण करणे. अधिकृत नोंदींनुसार हे प्रथम साधले ते ६ मे १९५४ रोजी. ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टर (१९२९–२०१८) या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ३ मि. ५९.४ से. अशी वेळ दिली. हौशी, म्हणजे धावण्याचे पैसे न घेणाऱ्या, धावपटूने गाठलेला विक्रम म्हणून ही घटना प्रसिद्ध आहे.

मैल हे आठ फर्लांगांचे, म्हणजे १,७६० यार्डांचे अंतर. जुन्या इंग्लिश धावमार्गाची एक फेरी ४४० यार्डांची असे. त्यामुळे चार फेऱ्या, प्रत्येकी एक मिनिट, असा सुटसुटीत हिशेब जमून येई. वेग भरतो ताशी बरोबर १५ मैल. या उद्दिष्टाचे आकर्षण बरेचसे या वाटोळ्या आकड्यांत आहे. ४०० मी.च्या धावमार्गावर चार फेऱ्यांना ९.३४४ मी. कमी पडतात, म्हणून मैलाची सुरुवातीची रेषा अंतिम रेषेच्या मागे आखावी लागते. १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय मैदानी क्रीडा महासंघाने यार्ड-मैलांतील विक्रमांची नोंद बंद केली, तेव्हा अपवाद केला तो फक्त मैलाचा. मराठी व्यवहारातूनही मैल गेला आणि मैलाचा दगड मात्र राहिला.

अठराव्या शतकातील दावे : बॅनिस्टरच्या आधी कोणी हे अंतर चार मिनिटांत धावले होते काय, हा प्रश्न वादग्रस्त आहे. इंग्लंडमध्ये त्या काळी पैजेच्या शर्यती सर्रास होत आणि त्यांच्या बातम्या छापल्या जात. जेम्स पॅरट नावाच्या फेरीवाल्याने ९ मे १७७० रोजी लंडनमध्ये गॉझवेल स्ट्रीटवरील चार्टरहाउसच्या भिंतीपासून शोरडिच चर्चच्या फाटकापर्यंतचा ‘मोजलेला मैल’ चार मिनिटांत काटल्याची नोंद अठराव्या शतकाच्या अखेरच्या क्रीडाविषयक लिखाणात सापडते. पैज मात्र साडेचार मिनिटांची होती : तो तेवढ्या वेळात पोचणार नाही, यावर पंधराला पाच गिनी (जुने इंग्लिश सोन्याचे नाणे) असा भाव होता. १७८७ मध्ये पॉवेल नावाच्या धावपटूने चार मिनिटांत मैल धावण्याची एक हजार गिनींची पैज लावल्याचा उल्लेख आहे. १७९६ मध्ये ऑक्सफर्डच्या बॅनबरी रोडवर वेलर आडनावाच्या एकाने तीन गिनींच्या पैजेखातर हे अंतर ठरल्या वेळेपेक्षा दोन सेकंद आधी, म्हणजे ३ मि. ५८ से.मध्ये पार केले असे म्हणतात. ती गोष्टही ऑक्सफर्डचीच, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

या नोंदी गांभीर्याने घ्याव्यात असे क्रीडावैज्ञानिक पीटर रॅडफर्ड यांचे प्रतिपादन आहे. ते स्वतः १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मी. शर्यतीचे कांस्यपदक विजेते. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. सर्वेक्षकांची ६६ फुटी साखळी त्या काळी रूढ होती आणि ८० साखळ्यांचा मैल नेमका मोजता येई. सेकंद दाखवणारी घड्याळे होती. शिवाय ज्यांचे पैसे लागलेले असत ते दोन्ही पक्ष मोजणीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवीत.

तरीही संशयाला जागा उरते. पॅरटच्या नोंदीत सेकंदांचा आकडाच नाही. ‘चार मिनिटांत’ यात तीन-चार सेकंदांची सूट सहज मावते. रस्त्याचा चढउतार हा दुसरा मुद्दा. विल्यम लँग १८६३ मध्ये न्यूमार्केट येथे उतारावरचा मैल ४ मि. २ से.मध्ये धावला, पण दोनच वर्षांनी मँचेस्टरला त्याची आणि रिचर्ड्सची बरोबरी झाली ती ४ मि. १७ १/४ से. या वेळेवर. एकट्या उताराने केवढा फरक पडतो ते यावरून दिसते. आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा : १८८६ मध्ये वॉल्टर जॉर्जने लिली ब्रिज येथे व्यावसायिक शर्यतीत काढलेली ४ मि. १२ ३/४ से. ही वेळ एकोणिसाव्या शतकात कोणालाही मोडता आली नाही. जॉर्ज सराव करून, नावाजलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध धावला होता. त्याच्याहून बारा-तेरा सेकंद पुढे असलेला फेरीवाला शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला, हे पटवून द्यायला याहून भक्कम पुरावा लागेल. हे दावे नोंद म्हणून जपावेत, विक्रम म्हणून नव्हे, हाच पक्ष अधिक सुरक्षित वाटतो.

हौशीपणाचा निर्बंध : महासंघाच्या यादीत फक्त हौशी धावपटूंच्या वेळा येत, म्हणून जॉर्जची वेळ तीत नाही. तिच्यातील पहिला विक्रम १९१३ चा (जॉन पॉल जोन्स, ४:१४.४). पुढे पावो नुर्मी (४:१०.४, १९२३), ज्यूल लादुमेग (४:०९.२, १९३१), जॅक लव्हलॉक (४:०७.६, १९३३), ग्लेन कनिंगहॅम (४:०६.८, १९३४), सिडनी वूडरसन (४:०६.४, १९३७) अशी ती सरकत गेली. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहिलेल्या स्वीडनमध्ये शर्यती चालू होत्या. तेथे गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन यांनी एकमेकांचे विक्रम मोडत वेळ ४:०१.४ पर्यंत आणली (हेग, माल्मो, १७ जुलै १९४५). त्यानंतर पैसे घेतल्याच्या कारणावरून दोघांवरही बंदी आली. लादुमेगचेही तेच झाले होते. पुढे अमेरिकेच्या वेस सँटीवर प्रवासखर्चापोटी जादा रक्कम घेतल्याचा ठपका येऊन त्याचीही कारकीर्द संपली. म्हणजे चार मिनिटांच्या अगदी उंबरठ्यावर पोचलेले धावपटू दमून नव्हे, तर नियमावर बोट ठेवून बाहेर काढले गेले. १९४५ नंतर नऊ वर्षे विक्रम जागचा हलला नाही, याच्या कारणांत हे एक धरायला हवे.

बॅनिस्टर हौशीपणाच्या व्याख्येत चपखल बसणारा होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १,५०० मी. शर्यतीत तो चौथा आला होता. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील शिक्षण सांभाळून तो सराव करी. २७ जून १९५३ रोजी मॉट्सपर पार्क येथे शाळकरी मुलांच्या स्पर्धेत मध्येच एक शर्यत घालून त्याने ४:०२.० अशी वेळ काढली. पण ही खरी स्पर्धा नव्हे, असे म्हणून ब्रिटिश मंडळाने ती मान्य केली नाही. पुढल्या वर्षी विद्यापीठ विरुद्ध हौशी मैदानी क्रीडा संघटना असा रीतसर सामना निवडला गेला, त्यामागे हा धडा असावा.

६ मे १९५४ : सकाळी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बॅनिस्टरने बुटांचे खिळे घासून धारदार केले आणि आगगाडीने ऑक्सफर्ड गाठले. वारा जोराचा होता. शेजारच्या चर्चच्या मनोऱ्यावरचा झेंडा फडफडत होता तोवर धावायचे की नाही हे ठरेना. तो जरा लोंबू लागल्यावर निर्णय झाला. धावमार्ग जळक्या कोळशाच्या चुऱ्याचा, पावसाने ओला. पुढे राहून वेग राखून देणारा साथीदार ख्रिस ब्रॅशर याने आधी एकदा चुकीची सुरुवात केली. मग अडीच फेऱ्या तो पुढे राहिला. पहिल्याच फेरीत बॅनिस्टर त्याला ‘जोरात’ म्हणून ओरडला. ब्रॅशरने वेग बदलला नाही आणि तेच बरोबर ठरले, कारण ती फेरी ५७.५ सेकंदांत पडली होती. नंतर दुसरा साथीदार ख्रिस चॅटवे याने सूत्रे घेतली. अर्धा मैल १:५८.२, पाऊण मैल ३:००.५. शेवटच्या फेरीत दोनशेहून अधिक यार्ड बाकी असता बॅनिस्टर पुढे झाला आणि ती फेरी त्याने ५८.९ सेकंदांत संपवली. निवेदक नॉरिस मॅकव्हर्टर याने स्पर्धेचा, मैदानाचा, ब्रिटिश, युरोपीय, साम्राज्याचा, जागतिक असे सगळे विक्रम ओळीने मोजले आणि मग ‘वेळ : तीन...’ एवढेच ऐकू आले.

‘भिंत’ : प्रेरक व्याख्यानांत, मराठीतल्याही, एक गोष्ट हमखास येते : डॉक्टर हे अशक्य म्हणत, बॅनिस्टरने मनाची भिंत पाडली आणि वर्षभरात अनेकांची रांग लागली. ती तारखांशी जुळत नाही. ४६ दिवसांनी, २१ जून रोजी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने तुर्कू येथे ३:५७.९ वेळ दिली (त्या वेळच्या नियमाप्रमाणे ती वरच्या पंचमांश सेकंदाला नेऊन ३:५८.० अशी नोंदली गेली). ७ ऑगस्टला व्हँकूव्हरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोघेही चार मिनिटांच्या आत आले, बॅनिस्टर पुढे (३:५८.८). यानंतर नवा गडी यायला २८ मे १९५५ उजाडावा लागला; त्या दिवशी लंडनला तबोरी, चॅटवे आणि ह्यूसन असे तिघे चार मिनिटांच्या आत आले. वर्षभरात दोघेच, तेरा महिन्यांत एकूण पाच. हेगची वेळ पाहता, भिंतीपेक्षा दीड सेकंदाची फट म्हणणे योग्य.

नंतरचा काळ : हर्ब एलियटने १९५८ मध्ये विक्रम ३:५४.५ वर नेला. ३:५० च्या आत प्रथम जॉन वॉकर आला (३:४९.४, गॉथेनबर्ग, १९७५). सध्याचा विक्रम मोरोक्कोच्या हिशाम एल् गेरूजचा आहे (३:४३.१३, रोम, ७ जुलै १९९९). स्त्रियांत डायेन लेदर हिने बॅनिस्टरनंतर तेवीस दिवसांनी पाच मिनिटांची मर्यादा ओलांडली (४:५९.६), पण महासंघाने स्त्रियांच्या मैलाची दखल १९६७ पासूनच घेतली. केनियाच्या फेथ किप्येगॉन हिची ४:०७.६४ (मोनॅको, २०२३) ही वेळ जागतिक विक्रम म्हणून मान्य झाली.

चित्रपट : मूळ शर्यतीचे बीबीसीचे चित्रीकरण उपलब्ध आहे, त्याच रात्री ते दाखवले गेले आणि बॅनिस्टर स्वतः लंडनच्या स्टुडिओत हजर झाला. नाट्यरूपे दोन : १९८८ ची दूरचित्रवाणी मालिका आणि २००५ चा दूरचित्रवाणीपट. शेवट सर्वांना ठाऊक आणि मुख्य प्रसंग चार मिनिटांहून लहान, ही दोन्हींची अडचण. मालिका लँडीलाही बरोबरीने जागा देते, म्हणून ती इतिहासाला जवळची वाटते. २००५ च्या चित्रपटात बॅनिस्टरला मार्गदर्शन करणारा ऑस्ट्रियन प्रशिक्षक फ्रान्झ श्टाम्फ्ल याच्या जागी ख्रिस्तोफर प्लमरने साकारलेला काल्पनिक प्रशिक्षक आहे.