मध्य नेमका कुठे असतो?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रात्री नऊला टीव्ही लागतो, तो दहा वाजेपर्यंत बंद होत नाही. त्या दिवशी चर्चा आरक्षण आणि आर्थिक विषमतेवर होती. पडद्यावर सहा चौकटी, तीन या बाजूच्या, तीन त्या बाजूच्या, आणि मध्ये अँकर. कार्यक्रम संपताच काका म्हणाले, "बघितलंस? आपल्या माणसाला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. सगळं आधीच ठरलेलं असतं." सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मामेबहीण बसली होती. ती उसळून म्हणाली, "काय सांगताय काका! आमच्या बाईंना मधेच तोडलं, आणि तुमच्या माणसाला शेवटचा शब्दसुद्धा दिला."

कार्यक्रम एकच आणि सोफाही एकच. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं. त्यांना खरोखरच तसं दिसलं होतं.

या दिसण्याचा अभ्यास झालेला आहे. १९८२ मध्ये लेबनॉनच्या बैरुतमधल्या सब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या वस्त्यांमध्ये हत्याकांड झालं. अमेरिकी वाहिन्यांनी त्याच्या ज्या बातम्या दिल्या, त्यांतले काही तुकडे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १४४ विद्यार्थ्यांना दाखवले. त्या विद्यार्थ्यांत काही इस्राएलच्या बाजूचे होते, काही अरबांच्या बाजूचे आणि काही कुठल्याच बाजूचे नव्हते. १९८५ मध्ये निष्कर्ष छापून आले. इस्राएलच्या बाजूच्यांना त्या बातम्या इस्राएलविरोधी वाटल्या आणि अरबांच्या बाजूच्यांना अरबविरोधी. हे पाहून तटस्थ माणूस आपल्या विरोधात जाईल, अशी भीती दोन्ही गटांना वाटली. मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावलं ते पुढच्या गोष्टीनं: ज्यांना त्या विषयाची माहिती अधिक, त्यांना पक्षपातही अधिक दिसला. म्हणजे "लोकांना माहिती द्या, आपोआप निष्पक्ष होतील" ही आपली आशा इथे टिकत नाही.

असं का होतं? आपली बाजू आपल्याला बाजू वाटतच नाही, ती सरळ वस्तुस्थिती वाटते. मग वस्तुस्थितीला आणि "त्यांच्या मता"ला सारखीच जागा देणारा कार्यक्रम आपल्या डोळ्यांना तिकडे झुकलेला दिसतो. शिवाय समोरच्याचं एखादं लागट वाक्य मनात रुतून बसतं आणि आपल्या बाजूची दहा वाक्यं पाण्यासारखी वाहून जातात.

त्यावरून एक गोष्ट कळते. "दोन्हीकडून शिव्या बसतात, म्हणजे आम्ही बरोबर मध्ये आहोत" असं पत्रकार पुष्कळदा म्हणतात. त्यातून काहीही सिद्ध होत नाही. कार्यक्रम मध्यावर असला तरी दोन्हीकडून ओरड होणार, आणि एका बाजूला बऱ्यापैकी कलला असला तरीही होणार. समतोल मोजायचा तर दुसरं माप हवं.

ते माप कुठलं? निवडणुकीच्या काळात आपल्याकडे एक माप वापरतात. १९९८ पासून निवडणूक आयोग मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन आणि आकाशवाणीवर फुकट वेळ देतो. काही वेळ सगळ्यांना सारखा मिळतो, त्यावरचा वेळ मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या प्रमाणात मिळतो, आणि कोणी कधी बोलायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. या पद्धतीत फार शहाणपण आहे असं मला वाटतं. सगळ्यांना सारखं देणं हा एक न्याय आणि प्रमाणात देणं हा दुसरा. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत, म्हणून थोडं याचं घेतलं आणि थोडं त्याचं.

पण हे माप पक्षांसाठी आहे. पक्ष मत मागतात, आणि मतांना मिनिटं वाटून देता येतात. वस्तुस्थितीला मिनिटं कशी वाटणार? हवामानबदलाच्या बाबतीत हा गोंधळ आकड्यांत पकडला गेला. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ यांनी १९८८ ते २००२ या काळातल्या चार मोठ्या अमेरिकी वृत्तपत्रांमधले ६३६ लेख तपासले. सुमारे ५३ टक्के लेखांनी माणसामुळे होणारी तापमानवाढ आणि निसर्गातले चढउतार या दोन्हींना जवळपास सारखंच वजन दिलं होतं. शास्त्रज्ञांचं मत तेव्हा तसं अर्धं-अर्धं विभागलेलं नव्हतं. प्रत्येक बातमीदारानं प्रामाणिकपणे दोन्ही बाजू घेतल्या, आणि त्यातून वाचकाच्या मनात चुकीचं चित्र तयार झालं. पुढे २०११ मध्ये बीबीसीच्या विज्ञानवृत्तांकनाची तपासणी करणारे जनुकशास्त्रज्ञ स्टीव्ह जोन्स यांनीही याच खोट्या समतोलाकडे बोट दाखवलं.

विषमतेचा प्रश्न हवामानापेक्षा अवघड आहे, कारण त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. विषमता किती आहे, कशामुळे आहे, आणि तिचं काय करायचं? पहिले दोन प्रश्न मोजण्याचे आहेत. तिसरा मूल्यांचा आहे. तिथे सहा खुर्च्या, बारा खुर्च्या, जितक्या मांडाल तितक्या थोड्याच. टीव्हीवर मात्र तिन्ही प्रश्न एकाच ताटात वाढले जातात आणि मोजलेली गोष्टसुद्धा "हे तुमचं मत झालं" म्हणून उडवली जाते.

त्या रात्रीचंच उदाहरण घ्या. एक पाहुणे म्हणाले, नोकरीत आता जात कोणी बघत नाही. दुसऱ्या म्हणाल्या, पावलोपावली बघतात. अँकरनं "निर्णय प्रेक्षकांनी करायचा" म्हणून विषय सोडून दिला. पण हे प्रेक्षकांनी का ठरवायचं? हे तपासता येतं आणि तपासलं गेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावात: कुठे सवर्ण हिंदू आडनाव, कुठे दलित, कुठे मुस्लिम नाव. सवर्ण नावाच्या अर्जाशी तुलना केली तर दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याचं प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश निघालं आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश.

आता मी इथेच थांबलो तर काका म्हणतील की तूही एकाच बाजूचं सांगतोस, आणि ते बरोबरच असेल. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, अभिजित बॅनर्जी, मरियान बर्ट्रांड, सौगतो दत्ता आणि सेंधिल मुल्लईनाथन यांचा अशाच धर्तीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दिल्ली परिसरातल्या सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत त्यांना नावावरून भेदभावाचा पुरावा सापडला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र सवर्ण आणि ओबीसी नावांच्या बोलावण्यांत स्पष्ट तफावत दिसली. म्हणजे खरं उत्तर "हो" किंवा "नाही" असं नाही. कुठल्या नोकरीत, कुठल्या नावाला, किती, असं ते आहे. एकमेकांना छेद देणारे दोन अभ्यास शेजारी ठेवून त्यांच्यात फरक का पडला हे विचारणं, याला मी समतोल म्हणतो. त्याला आरडाओरडा लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो नऊ वाजता दिसत नाही.

आरडाओरड्याचंही मोजमाप झालं आहे. डायना मट्झ आणि बायरन रीव्ह्ज यांनी नट घेऊन उमेदवारांच्या वादाची दोन चित्रणं केली. मुद्दे तेच, फक्त एकात सभ्यपणे बोललेले आणि दुसऱ्यात तावातावानं. तावातावाचा वाद लोकांना जास्त रंजक वाटला, आणि तो पाहिल्यावर राजकारणावरचा त्यांचा विश्वास कमी झाला. मुद्दे जसेच्या तसे असूनही.

आता खुर्च्यांइतकीच महत्त्वाची गोष्ट: पडद्यावर विषमता कुठल्या रूपात येते? बहुतेक वेळा ती एका माणसाच्या गोष्टीच्या रूपात येते. शांतो अय्यंगार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही प्रेक्षकांना गरिबीवरच्या अशा बातम्या दाखवल्या ज्यांत एकच कुटुंब होतं, त्यांची थंडी, त्यांची उधारी. दुसऱ्यांना देशातल्या बेकारीची, योजनांमधल्या कपातीची मोठी बातमी दाखवली. मग विचारलं, गरिबीला जबाबदार कोण? मोठं चित्र पाहिलेल्यांनी समाज आणि सरकारकडे बोट दाखवलं. एका कुटुंबाची गोष्ट पाहिलेल्यांनी गरिबाकडेच. बातमी कळवळ्यानं केलेली असली तरी चेहरा जवळ आला की कारणंही आपण त्या चेहऱ्यातच शोधू लागतो.

हे वाचलं तेव्हा मला आपलीच कमाटीबाग आठवली, कागदोपत्री सयाजीबाग. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला परत आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. ते ज्या पारशी धर्मशाळेत उतरले होते तिथून काठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. दोन मित्रांकडे विचारलं, दोघांनी टाळलं. मुंबईची गाडी रात्रीची होती, तोवरचे तास त्यांनी कमाटीबागेत काढले. ते सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. जिथे ते झाडाखाली बसले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

आता या दोन घटना टीव्हीच्या चौकटीत बसवून बघा. एक म्हणेल, राजानं मदत केली, मुलगा अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेला, वाट मोकळी होती. दुसरा म्हणेल, इतकं शिकलेल्या माणसालाही छप्पर मिळालं नाही. दोन्ही घटना खऱ्या, एकाच शहरातल्या, एकाच माणसाच्या. पण एका माणसाच्या गोष्टीवरून शहराची रीत ठरवायला लागलो तर हा वाद शंभर वर्षं चालेल, आणि चाललाच आहे. याच संस्थानात १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्यात लागू झाला. त्याबद्दल बोलायचं तर किती मुलं शाळेत आली, कुठल्या जातींची, किती टिकली, हे विचारावं लागतं. या प्रश्नांना चेहरा नाही, म्हणून त्यांना पडद्यावर जागा मिळत नाही. मला त्याचं खरोखर दुःख होतं.

ली रॉस यांचा आणखी एक प्रयोग आहे, १९७७ चा, तेरेसा अमाबिले आणि ज्युलिया स्टाइनमेट्झ यांच्यासोबतचा. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. एकानं प्रश्न विचारायचे, दुसऱ्यानं उत्तरं द्यायची, आणि कोण काय करणार हे नशिबावर सोडलं. विचारणाऱ्यानं आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींवरूनच अवघड प्रश्न काढायचे होते. साहजिकच उत्तर देणारा अडखळायचा. हे सगळं पाहणाऱ्यांना कोण हुशार वाटलं? प्रश्न विचारणारा. भूमिका नशिबानं वाटल्या गेल्यात हे त्यांना ठाऊक होतं, तरीही. उत्तर देणाऱ्यांनीसुद्धा स्वतःला कमी लेखलं.

नऊच्या चर्चेत अँकर प्रश्न विचारतो, म्हणून तो सर्वज्ञ दिसतो, हे झालं वरवरचं. खोलवर बघितलं तर हाच प्रयोग विषमतेबद्दल बोलतो. कोणाच्या वाट्याला विचारणाऱ्याची जागा आली आणि कोणाच्या वाट्याला अडखळणाऱ्याची, हे जन्म ठरवतो, आणि आपण त्याला गुणवत्ता म्हणतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. सगळ्यांसमोर नाव, वडिलांचं नाव आणि जात मोठ्यानं सांगितली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी वीस टक्क्यांहून जास्त घसरली. मुलं तीच, कोडी तशीच, फक्त खोलीत एक शब्द उच्चारला गेला होता.

हे सगळं मी काका आणि मामेबहिणीला पुढच्या रविवारी सेव-उसळ खाताना सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं. मग मी त्यांना एक छोटं काम दिलं, अर्जेंटिनात झालेल्या एका अभ्यासावरून सुचलेलं. ग्येर्मो क्रुसेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुएनोस आयरीसमधल्या कुटुंबांना विचारलं होतं की उत्पन्नाच्या शिडीवर तुम्ही कुठल्या पायरीवर आहात. गरिबांनी स्वतःला वर कल्पिलं, श्रीमंतांनी खाली, कारण प्रत्येक जण आपल्या आजूबाजूचे लोक बघूनच अंदाज बांधतो. ज्यांना कळलं की आपण समजत होतो त्याहून गरीब आहोत, त्यांचं गरिबांना मदत करण्याविषयीचं मतही त्यानंतर बदललं, ते मदतीच्या बाजूनं झुकले.

मी दोघांना एकेक कागद दिला आणि म्हटलं, शंभर घरं गरिबीपासून श्रीमंतीपर्यंत ओळीत उभी केली, तर आपलं घर कितवं येईल ते लिहा. एकमेकांचं बघायचं नाही. काका बँकेतून निवृत्त झालेत आणि पेन्शनवर आहेत. मामेबहीण आणि तिचा नवरा दोघंही इंजिनियर आहेत. तिनं झटकन पन्नास लिहिलं. काकांनी पेन उचललं, पन्नासचा पाच काढला, थांबले, आणि चष्मा कपाळावर सरकवून मला विचारलं, "पण ही शंभर घरं कुठली घ्यायची? आपल्या गल्लीतली, की सगळ्या बडोद्याची?"