पश्चिम भारताची समुद्रबूड जमीन

पश्चिम भारताची समुद्रबूड जमीन : कच्छपासून कन्याकुमारीपर्यंतच्या किनाऱ्यालगत अरबी समुद्राखाली गेलेला, मंद उताराचा भूभाग. खंबायतच्या आखातासमोर तिची रुंदी 300 किमी.हून अधिक भरते. दक्षिणेकडे ती घटत जाऊन केरळसमोर 60 किमी.च्या आसपास येते. खंडान्त उतार, म्हणजे या जमिनीच्या कडेपासून खोल समुद्राकडे जाणारा तीव्र उतार, बहुधा 80 ते 140 मी. खोलीवर सुरू होतो. त्यामुळे समुद्रबूड जमिनीची सीमा सरसकट 200 मी. धरण्याचा पाठ्यपुस्तकी प्रघात येथे जुळत नाही.

खोली मोजण्याच्या शिशाच्या गोळ्याला पूर्वी बुडाशी चरबी लावीत. तिला चिकटून येणाऱ्या चिखल, वाळू वा शिंपल्यांवरून नकाशात तळाची नोंद होई. कोकणच्या समुद्रात सुमारे 50–60 मी. खोलीपर्यंत तळ सपाट व चिखलाचा आहे. त्यापलीकडे तो ओबडधोबड होतो आणि चुनखडी व वाळू लागते.

आतल्या पट्ट्यातील चिखल कोठून आला, याबद्दल मतभेद आहेत. सिंधू नदीचा गाळ प्रवाहांबरोबर दक्षिणेस दूरवर पसरला, असे एक मत. सिंधूच्या गाळात इलाइट व क्लोराइट ही खनिजे प्रमुख असतात आणि सौराष्ट्रासमोर ती आढळतात. परंतु मुंबईच्या बाजूस स्मेक्टाइट या चिकणमातीच्या खनिजाचे प्राबल्य आहे. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन ते तयार होते, म्हणून नर्मदा व तापी यांच्याकडेच बोट जाते. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह आडवे वाहतात व सिंधूचा गाळ बराचसा अडवतात, असे दोना पावला (गोवा) येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील नायर व सहकाऱ्यांनी मांडले. कोकणापुरते हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

बाहेरच्या पट्ट्यातील वाळू आजची नव्हे. मुंबईसमोरील ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ (50 वाव, म्हणजे सुमारे 91 मी.) या चुनखडीच्या सपाटीवर ऊइड नावाचे गोल कण विपुल आहेत. भिंगाखाली असा कण मोत्यासारखा गुळगुळीत दिसतो. फोडल्यास मध्ये शिंपल्याचा तुकडा वा बारीकशी गोळी आणि भोवती ॲरागोनाइट या चुनखनिजाची पुटे आढळतात. असे कण उथळ, उबदार, खळबळत्या व निवळ पाण्यातच वाढतात. आज इतक्या खोल सापडणारे हे कण ते बनले त्या काळी किनारा जवळ असल्याचा मोलाचा पुरावा होत. किरणोत्सारी कार्बनने त्यांचे वय स्थूलमानाने 12,000 ते 9,000 वर्षे येते. त्याआधी, सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगात समुद्रपातळी आजच्यापेक्षा 120 मी.च्या आसपास खाली होती. नद्यांचा गढूळपणा येथवर का पोहोचला नाही, याचे कारण काहींच्या मते तेव्हाचा क्षीण मोसमी पाऊस होय. बाहेरच्या भागातील पायऱ्यांसारख्या सपाट्या पाणी चढताना मध्येच थबकल्याच्या खुणा मानल्या जातात. मात्र भूकवचाच्या हालचालींचा वाटा वेगळा काढल्याखेरीज त्यांवरून पातळीचा नेमका आलेख काढणे धाडसाचे ठरेल.

विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे 105 किमी.वर, या जमिनीच्या कडेजवळ, आंग्रिया बँक हा प्रवाळांचा उंचवटा आहे. त्याची लांबी सुमारे 40 किमी. व रुंदी 15 किमी. असून माथा जेमतेम 20 मी. पाण्याखाली आहे. त्याचे नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडले. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किमी.वरील ‘बॉम्बे हाय’ क्षेत्रात 1974 मध्ये तेल मिळाले. तेही तळाखालच्या, मायोसीन काळातील (सुमारे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडीत.