दुसऱ्या हार्ड डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना येणाऱ्या अडचणी

संगणकातली जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून शेजारी दुसरी डिस्क जोडायची आणि तिच्यावर वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, ही ठाणे-नवी मुंबईतल्या घरांत आणि छोट्या कार्यालयांत नेहमीची गोष्ट आहे. हे करताना सेटअप कुठे अडतो, बसवलेली सिस्टीम नंतर का उठत नाही आणि दोष कसा हुडकायचा, याची ही नोंद.

दुसऱ्या डिस्कची गरज दोन कारणांनी पडते. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असूनही या अटीत न बसणाऱ्या मशीनमध्ये छोटी एसएसडी घालून तिच्यावर लिनक्स टाकले जाते. दुसरे कारण खास आपल्याकडचे आहे. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, स्मरणिका अशी कामे करणारे डीटीपीवाले अजूनही पाने मांडायच्या पेजमेकरवर आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपी फॉन्टवर बसतात. वर्षानुवर्षांच्या फायली त्या फॉन्टमध्ये, सॉफ्टवेअरचे लॉक जुन्या मशीनला लावलेले. त्या मशीनवरचे विंडोज ७ पुसून चालतच नाही. मग नवी सिस्टीम जाते दुसऱ्या डिस्कवर.

बिघाड कुठे असतो

अडचण दुसऱ्या डिस्कवर दिसते, पण तिचे मूळ बहुतेक वेळा पहिल्या डिस्कमध्ये असते. हे एकदा ध्यानात आले की निम्मी शोधाशोध वाचते. यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकात सिस्टीम सुरू करणाऱ्या फायली ईएफआय सिस्टीम पार्टिशन नावाच्या छोट्या, फॅट३२ पद्धतीच्या भागात राहतात. विंडोजचा सेटअप असा भाग आधीपासून पहिल्या डिस्कवर सापडला, तर नवा न बनवता आपल्या फायली तिथेच टाकतो. विंडोज सगळे दुसऱ्या डिस्कवर, पण बूट, म्हणजे सिस्टीम सुरू होणे, पहिल्या डिस्कच्या हातात. म्हणजे फ्लॅट एका सोसायटीत आणि किल्ली शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनकडे. सगळे ठीक चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे कधी पहिली डिस्क मरते किंवा काढून विकली जाते, आणि दुसरी एकटी उठायला नकार देते. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्येही हा दोष बरीच वर्षे होता: बूटलोडरसाठी, म्हणजे सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रामसाठी, दुसरी डिस्क निवडली तरी तो पहिल्या डिस्कच्या ईएफआय भागात जाऊन बसे.

यावर सर्वांत खात्रीचा उपाय साधा आहे. इन्स्टॉल करताना पहिली डिस्क काढून ठेवावी. मशीन बंद करून भिंतीवरचे बटण बंद करायचे, झाकण उघडायचे आणि पहिल्या डिस्कची साटा डेटा केबल बोर्डाकडून ओढून घ्यायची. केबलच्या टोकाला धातूची चाप असेल तर ती दाबूनच ओढावी, नाहीतर बोर्डावरचे प्लॅस्टिकचे सॉकेट उखडते. पहिली डिस्क एम.२, म्हणजे केबलशिवाय थेट बोर्डावर बसणारी पट्टी, असेल तर तिचा बारीक स्क्रू काढावा लागतो. ते नको असेल आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर, तो पोर्ट बंद करायची सोय असेल तर ती वापरावी. इन्स्टॉल पूर्ण होऊन नवी सिस्टीम एकदा एकटीने उठली, की मगच जुनी केबल परत लावायची. नंतर कोणती सिस्टीम हवी ते बोर्डाच्या बूट मेनूतून निवडता येते. त्याची कळ कंपनीगणिक बदलते: डेल, लेनोव्हो आणि गिगाबाइटला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, एमएसआयला एफ११. दोन्ही डिस्क एकमेकींपासून अशा स्वतंत्र ठेवणे हे दोन्ही सिस्टीम एकाच मेनूत गुंफण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. कामाच्या मशीनवर तर दुसरा विचारच करू नये.

गुंता आधीच झाला असेल तरी पुन्हा इन्स्टॉल करण्याची गरज नसते. दुसऱ्या डिस्कवर थोडी जागा मोकळी करून डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क विभागणाऱ्या आज्ञेने तिथे नवा ईएफआय भाग बनवावा, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्याला एक अक्षर द्यावे आणि बीसीडीबूट या आज्ञेने बूट फायली त्यात टाकाव्यात. मात्र त्यासाठी ती डिस्क जीपीटी पद्धतीची हवी; ही पद्धत काय ते पुढे पाहू.

एमबीआर आणि जीपीटी

डिस्कवरचे भाग नोंदवण्याच्या या दोन पद्धती. जुनी एमबीआर साधारण २ टेराबाइटपर्यंतच चालते आणि तिच्यात चारच प्राथमिक भाग बसतात. यूईएफआय पद्धतीने सुरू झालेला विंडोजचा सेटअप एमबीआर डिस्क नाकारतो, आणि जुन्या लेगसी पद्धतीने सुरू झालेला सेटअप जीपीटी डिस्क नाकारतो. कार्यालयातून निघालेले जुने डेस्कटॉप अनेकदा लेगसी पद्धतीवर लावलेले असतात, म्हणून घरी आल्यावर ही अडचण हमखास भेटते. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी यूईएफआय लिहिलेला आणि एकदा नुसता. कोणता निवडला यावर पुढचे सगळे ठरते.

डिस्कची पद्धत बदलायला सेटअपमध्येच शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडतात, डिस्कपार्ट चालवतात, डिस्क निवडून क्लीन आणि मग कन्व्हर्ट जीपीटी देतात. क्लीन ही आज्ञा विचारत नाही, निवडलेल्या डिस्कचे सगळे भाग पुसते. डिस्क ० आणि डिस्क १ हे क्रमांक पोर्टप्रमाणे पडतात. कोणती जुनी नि कोणती नवी याचा त्यांच्याशी संबंध नाही. ओळख आकारावरून पटवावी: २४० जीबीची एसएसडी सुमारे २२३ जीबी दिसते, १ टीबीची डिस्क सुमारे ९३१ जीबी. दोन्ही सारख्याच आकाराच्या असतील तर पहिलीची केबल काढल्याशिवाय ही आज्ञा देऊच नये. पंधरा वर्षांचे फोटो एका शब्दाने जातात.

भाग बरोबर असूनही सेटअप ०एक्स८०३०००२४ हा कोड दाखवून थांबला, तर तेही बहुधा दोन डिस्कांच्या गोंधळाचेच लक्षण असते. इतर सर्व डिस्का आणि जादा पेनड्राइव्ह काढून पुन्हा करून पाहावे.

डिस्क दिसतच नाही तेव्हा

आधी बायोस पाहावे. तिथेही नसेल तर दोष केबल, पोर्ट किंवा डिस्कचा. खाडीकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षे न उघडलेल्या मशीनची केबल एकदा काढून घट्ट बसवल्यानेही काम होते. अनेक बोर्डांवर एम.२ चा खाच आणि एखादा साटा पोर्ट एकच मार्ग वापरतात. नवी एम.२ एसएसडी घातली आणि जुनी डिस्क गायब झाली, तर डिस्क मेलेली नसते. पोर्ट बदलून पाहावा. काही खाचांत फक्त साटा तर काहींत फक्त एनव्हीएमई या वेगळ्या प्रकारची डिस्क चालते, हे बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले असते. सुटे भाग आणायला लॅमिंग्टन रोडला जायचे म्हणजे ठाण्याहून दादर आणि तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड; त्याआधी पुस्तिकेतले ते एक पान वाचलेले बरे.

बायोसमध्ये दिसते पण सेटअपमध्ये नाही, असे इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपमध्ये वरचेवर होते. कारण डिस्क इंटेलच्या ड्रायव्हरमार्फत चालवणारी व्हीएमडी नावाची सोय. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर सोडवून ठेवून सेटअपमधल्या लोड ड्रायव्हरने दिला की डिस्क दिसते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही दिसते, पण मग त्याच सोयीवर बसवलेले जुने विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकते.

यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर विंडोजचा नेहमीचा सेटअप बसतच नाही, लिनक्स बसते.

इन्स्टॉलनंतर

बायोसमध्ये हात घालण्याआधी पहिल्या डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहावे आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. सिक्युअर बूट किंवा टीपीएमची सेटिंग बदलली की ती मागितली जाऊ शकते. की हरवली असेल तर डेटा परत मिळत नाही, कुठल्याही दुकानात नाही.

लिनक्समधून विंडोजचे भाग फक्त वाचता येत असतील, तर विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असले की शट डाउन केले तरी विंडोज पूर्ण बंद झालेले नसते. ग्रबच्या, म्हणजे लिनक्सच्या बूट मेनूच्या, यादीत विंडोज न दिसण्याचे कारण वेगळे: ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो चालू करून यादी नव्याने बनवावी लागते.

घड्याळाचाही एक नेहमीचा घोळ असतो. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक समजून वाचते, आणि भारतात घड्याळ नेमके साडेपाच तास मागे पडते. बोर्डाचा सेल संपला असे समजून तो बदलला जातो, आणि फरक काहीच पडत नाही. लिनक्सला टाइमडेटसीटीएल या आज्ञेने स्थानिक वेळ वापरायला सांगितले की दोन्ही सिस्टीममध्ये वेळ एक होते.