पार्श्वभूमी : रेवदंडा – कागदातले चौल

रेवदंड्याला पहिल्यांदा येणाऱ्याचा गोंधळ नावापासूनच सुरू होतो. पुस्तकात वाचलेला ‘चौलचा किल्ला’ शोधत माणूस चौलात उतरतो. तिथे त्याला रामेश्वराचे देऊळ, पोखरण (देवळाचा तलाव), दत्ताची टेकडी सापडते, पण किल्ला काही दिसत नाही. तो आहे शेजारच्या रेवदंड्यात. अलिबागहून मुरूडला जाणारा रस्ता त्याची तटबंदी फोडूनच पुढे जातो.

हे नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढचे बहुतेक घोटाळे इथूनच होतात. चौल दोन होती. वरचे चौल हे जुने बंदर, पुढे निजामशाहीच्या ताब्यातले. खालचे चौल म्हणजे कुंडलिकेच्या मुखाशी पोर्तुगीजांनी वसवलेले तटबंदीचे शहर, आजचे रेवदंडा. गावकरी त्या किल्ल्याला आगरकोट म्हणतात. पोर्तुगीज कागदांत नुसते ‘चौल’ आले की बहुधा हे खालचे समजावे. पोर्तुगीज आणि इजिप्तचे मामलुक यांच्यातली 1508 ची आरमारी लढाई याच खाडीत झाली. 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीने किल्ल्याचे काम सुरू झाले आणि 1570-71 मध्ये त्याच निजामशाहीने त्याला वेढा घातला. वेढा फसला. दोन गावांमध्ये चालत जाण्याइतकेच अंतर आहे. तरी एक वेढा घालणाऱ्यांचे होते आणि दुसरे वेढ्यात सापडलेल्यांचे, हे नकाशा पाहून कळत नाही.

त्याआधीचे चौल फार जुने. पंधराव्या शतकात एक रशियन व्यापारी इथे उतरला होता, त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे.

खरा वाद 1740 चा. ‘मराठ्यांनी रेवदंडा जिंकला’ असे सर्रास लिहिले जाते. वेढा पडला होता हे खरे, पण किल्ला हातात आला तो तहाने. 1739 मध्ये वसई पडल्यावर पोर्तुगीजांना उत्तरेत इतके पसरून राहणे झेपेना. त्यांनी चौल आधी मुंबईच्या इंग्रजांना देऊ केले. इंग्रजांनी ते घेतले नाही, मध्यस्थी मात्र केली. चौल आणि समोरचे कोर्लई मराठ्यांना मिळाले, त्या बदल्यात गोव्यातल्या सासष्टीतून मराठी फौजा मागे आल्या. या देवघेवीला विजय म्हटले की वसईखाली लढलेल्यांचे श्रेय झाकले जाते. रेवदंडा मिळाला तो त्यांच्या जिवावर.

किल्ल्यात आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, मधेच चर्चच्या भिंती उभ्या आहेत आणि सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले. या वाड्यांमधून आपण कुणाच्या तरी अंगणातूनच चालतो, म्हणून विचारून आत जावे.

त्या राजवटीची एक जिवंत खूण खाडीपलीकडे कोर्लईत आहे. तिथले ख्रिस्ती कुटुंबीय घरात पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात आणि तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. 1740 नंतर पोर्तुगालशी संबंध तुटला, तरी ती टिकली. आता बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास आहेत, आणि मुले शाळेत मराठीत शिकतात.