पार्श्वभूमी: पाकपुस्तकातली वाटी

सांगलीत पाकपुस्तकं वाचून त्यांवर बोलायला आम्ही जमतो, तेव्हा पदार्थावरून सुरू झालेलं बोलणं हटकून मापावर येतं. वाटी म्हणजे कुठली वाटी?

छापील मराठी पाकपुस्तकांची सुरुवात १८७५च्या ‘सूपशास्त्र’पासून धरतात. जुन्या पाककृती वाचताना अडतं ते शेरापाशी. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. धान्याचा शेर मात्र भांड्यानं भरायचा: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. शब्द एक, मापं दोन. १९५६च्या कायद्यानंतर बाजारात किलो-ग्रॅम आले, पण घराघरांत तराजू नव्हताच.

या पार्श्वभूमीवर १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाकपुस्तक आलं. लेखिका सांगलीत नांदलेल्या, शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यांनी माप धरलं वाटी-चमच्याचं. वाद आजही त्यावरच आहे. वजनकाट्यावर स्वयंपाक शिकलेली मंडळी म्हणतात, वाटी घरोघरी वेगळी, तेव्हा ग्रॅम द्या. म्हणणं अगदीच चूक नाही. दाबून भरलेलं पीठ आणि सैल भरलेलं पीठ यांत फरक पडतोच, आणि वाटीभर पोह्यांचं वजन वाटीभर रव्याइतकं भरत नाही. पण पुरणाला वाटीभर हरभराडाळ आणि वाटीभर गूळ म्हटलं की वाटी कुठलीही घ्या, प्रमाण बिघडत नाही. फक्त ती शेवटपर्यंत एकच हवी. मला हे लेखिकेचं फार मोठं शहाणपण वाटतं. चार माणसांचं पुरण असो की चाळीस जणांचं, वाटीच्या जागी पातेलं घेतलं तरी पाककृती तीच राहते. ग्रॅम छापले तर दर वेळी गुणाकार आला.

प्रत्येक घरानं आपल्या वाटीचा हिशेब समासात मांडला. आमच्या प्रतीत पुरणाच्या पानावर आजीनं पेन्सिलीनं लिहिलंय, ‘गूळ पाऊण’. पानाच्या कडेला हळदीचं बोट उमटलंय.

ऑगस्ट २०१९च्या पुरात शहरातली घरं पाण्यात गेली, घरांबरोबर पुस्तकंही गेली. पाकपुस्तकाची नवी प्रत दुकानात मिळते, समासातलं अक्षर मिळत नाही. त्यामुळे आता आम्ही छापील कृतीच्या आधी समास मोठ्यानं वाचतो, आणि ज्यांची प्रत पुरात गेली त्या आठवेल तेवढं सांगतात, बाकीच्या लिहून घेतात.