मास्किंग, डीकल आणि जूनचे पट्टे : थोडी पार्श्वभूमी

मास्किंग टेप, म्हणजे रंगवताना बाकीचा भाग झाकणारी टेप, आली ती मोटारींच्या रंगकामातून. 1920 च्या दशकात अमेरिकेत दुरंगी गाड्यांची टूम निघाली. रंगारी डिंकाने कागद चिकटवत आणि तो काढताना ताजा रंगही सोलून निघे. सँडपेपर बनवणाऱ्या एका कंपनीतल्या तरुण कर्मचाऱ्याने 1925 मध्ये यावर उपाय म्हणून बेताच्या चिकटपणाची कागदी टेप केली. पुढे ती विमानांची छोटी मॉडेल बनवणाऱ्यांच्या टेबलावर आली, पण बराच काळ तिचे काम कॅनॉपीच्या (कॉकपिटवरच्या काचेच्या) फ्रेम आणि कॅमोफ्लाजपुरतेच राहिले. चिन्हांसाठी डीकल, म्हणजे पातळ फिल्मवर छापलेली आणि मॉडेलवर चिकटवायची चित्रे, होतेच.

डीकलच्या खोडी सर्वांना ठाऊक आहेत. फिल्मखाली हवा अडकून येणारी चंदेरी झाक, जुन्या शीटचा पिवळेपणा आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे गडद रंगावर फिका पडणारा पांढरा. म्हणूनच मोठी गोलचिन्हे आणि पट्टे रंगवणारे लोक नेहमीच होते. जपानी वाशी कागदाच्या पिवळ्या टेपने त्यांचे काम सोपे केले, कारण ती पातळ असते आणि पॅनल लाइनमध्येही (पत्र्यांच्या जोडांच्या खाचांतही) बसते. खरा बदल मात्र संगणकावरून चालणाऱ्या घरगुती कटरने घडवला. विमानावरच्या कोड अक्षरांच्या आतले बारीक तुकडेसुद्धा व्हिनाइलमध्ये (चिकट प्लास्टिकच्या शीटमध्ये) अचूक कापता येऊ लागले आणि चिन्हांचे तयार मास्क, म्हणजे रंगवताना झाकायचे तुकडेही मिळू लागले. विमानाच्या नाकासारख्या दुहेरी वळणावर व्हिनाइल उचलते. तिथे अजूनही वाशीच बरी.

या अचूकतेतून मॉडेलवरची कड सरळ हवी की खऱ्यासारखी वाकडी, असा वाद उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या स्वारीसाठी मित्रराष्ट्रांच्या विमानांवर रंगवलेल्या ओळखीच्या पट्ट्यांवर तो सगळ्यात तीव्र आहे. 1943 मध्ये सिसिलीच्या मोहिमेत मित्रराष्ट्रांच्या तोफांनी आपलीच वाहतूक विमाने पाडली होती. ते पुन्हा होऊ नये म्हणून जून 1944 मध्ये तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे ठरले. एकइंजिनी विमानांवर प्रत्येक पट्टा 18 इंच रुंद, दुइंजिनींवर 24. गुप्ततेसाठी हुकूम अगदी शेवटी सुटला आणि तळांवर मिळेल त्या ब्रशने रात्रभर रंगकाम चालले. त्या दिवसांच्या छायाचित्रांत थरथरत्या कडा आणि ब्रशचे फटकारे दिसतात, काही विमानांवर मात्र पट्टे नीटनेटकेही आहेत. थोड्याच आठवड्यांत वरच्या बाजूचे पट्टे काढायला लावले गेले, त्यामुळे कोणत्या विमानाची कोणती तारीख हेही पाहावे लागते.

स्पर्धेचे परीक्षक बहुधा सरळ कडेला दाद देतात, आणि ते मला पटत नाही. 6 जूनच्या, म्हणजे स्वारीच्या दिवसाच्या विमानावर वस्तऱ्यासारखी कड दिसली की त्या रात्रीची घाईच पुसली जाते. तरी सरसकट वाकड्या कडांचा आग्रहही चुकीचाच, कारण इथे स्केलचा, म्हणजे मॉडेल खऱ्या विमानाच्या कितव्या हिश्शाचे आहे याचा हिशेब येतो. 18 इंचांचा पट्टा 1/72 मध्ये साधारण 6.4 मिमी होतो आणि खऱ्या विमानावरचे 2 सेंटिमीटरचे वाकडेपण जेमतेम 0.3 मिमी. ते डोळ्यांना जाणवत नाही, तिथे सरळ टेप पुरते. 1/32 मध्ये पट्टा 14 मिमीचा आणि तेच वाकडेपण 0.6 मिमीचे. ते दिसते, आणि दिसायलाच हवे.

त्या मापात आधी पाचही पट्ट्यांची पूर्ण जागा पांढरी फवारावी. मग पांढरे भाग झाकणाऱ्या टेपची कड फूटपट्टीशिवाय, मोकळ्या हाताने कापावी, ब्लेड किंचित डगमगू द्यावे आणि टेपच्या कडेवर पांढऱ्याचाच एक हलका हात मारून मगच काळा द्यावा. रंग झिरपलाच तर पांढरा झिरपतो, आणि कड वाकडी राहूनही स्वच्छ उठते.