पॉश (इंग्रजी विशेषण)

पॉश हे इंग्रजी बोलीतलं विशेषण, अर्थ साधारण उंची, महागडं, उच्चभ्रू. आपल्याकडे पॉश फ्लॅट, पॉश एरिया असं कौतुकानेच म्हणतात, पण इंग्लंडमधे हा शब्द माणसाला लावला की लगेच वर्गाची भानगड येते, म्हणजे खानदानी घरातला, महागड्या खासगी शाळेत शिकलेला, आणि ‘पॉश बोलतो’ म्हणजे वरच्या वर्गातले उच्चार करतो, त्यात बऱ्याचदा टोमणाच असतो. तिथे कुणी स्वतःहून मी पॉश आहे असं सहसा म्हणत नाही.

ह्या शब्दाच्या जन्माची जी कथा सगळ्यांना माहितीये तिच्यात आपली मुंबई आहे. पी अँड ओ कंपनीच्या बोटीने साहेब लोक इंग्लंडहून मुंबईला यायचे, सुएझ कालवा १८६९ ला उघडल्यावर वाट तांबड्या समुद्रातून, तिथे उकाडा भयंकर आणि एसी वगैरे काही नाही, मग पैसेवाले म्हणे येताना डाव्या अंगाची आणि परत जाताना उजव्या अंगाची केबिन घ्यायचे, कारण त्या बाजूला ऊन कमी. पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम, आद्याक्षरं जोडली की पॉश, आणि तिकिटावर तसा शिक्काच मारायचे म्हणतात. कथा एकदम झकास आहे आणि उन्हाचा हिशोबही चुकीचा नाही, पण असं शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय ही कथा छापून यायला लागते ती १९३० च्या दशकात, आणि ‘झकपक कपडे’ ह्या अर्थी शब्द १९१४ लाच ब्रिटिश सैन्याबद्दलच्या लिखाणात येऊन गेलाय. तिथे घोडदळवाल्यांच्या सरकारी गणवेशापलीकडच्या भारी कपड्यांना पॉश म्हटलंय. म्हणजे बोटीपेक्षा बराकीचा पुरावा जास्त पक्का.

त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या चोरांच्या बोलीत पॉश म्हणजे चिल्लर, अर्धी पेनी. हा मात्र रोमानी, म्हणजे युरोपातल्या भटक्या रोमा लोकांच्या भाषेतला मानतात, तिच्यात पॉश म्हणजे अर्धा, आणि रोमानी मुळात भारतातून गेलेली भाषा. म्हणजे भारताचा संबंध असलाच तर तो साहेबाच्या केबिनपेक्षा भटक्या लोकांच्या खिशातून असायची शक्यता जास्त! १८९० च्या सुमाराच्या स्लँग कोशात पॉशचा नटवा, छैलछबिला असाही अर्थ दिलाय. चिल्लर ते नटवा ते उंची असा प्रवास झाला असावा असा एक अंदाज आहे, तो सिद्ध झालेला नाही.

इंग्लंडमधल्या पीटरबरो युनायटेड ह्या फुटबॉल क्लबचं टोपणनावच ‘द पॉश’ आहे, आणि स्पाइस गर्ल्स ह्या पॉप ग्रुपमधली व्हिक्टोरिया बेकहॅम म्हणजे पॉश स्पाइस.

भारतातल्या ऑफिसात पॉश ट्रेनिंगचा मेल आला तर त्याचा ह्या विशेषणाशी काही संबंध नाही. ते कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याबद्दल असतं आणि तिथे मात्र शब्द खरंच इंग्रजी आद्याक्षरांचा आहे, प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट.